तागाचे बी आणि काळा भुंगा

आडसाली लागणीपूर्वी ताग गाडायचा म्हटले की पहिली अडचण बियाण्याची. एकरी २० ते २५ किलो बी लागते आणि ते वेळेवर मिळेलच असे नाही. म्हणून काहीजण पाच-दहा गुंठे ताग बियासाठीच राखतात. अशाच एका सभासदाने मागे मला प्लॉटवर नेले. फुलोरा पिवळाधमक, पण शेंगा बोटावर मोजण्याइतक्या. "साहेब, खत कमी पडलं का?" खत कमी पडले नव्हते.

तागाच्या फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून चोच तयार होते. पराग आणि कुक्षी तिच्या आत बंद. वजनदार माशी बसून पाकळ्या दाबल्या गेल्या, की चोचीच्या टोकातून पराग बाहेर ढकलला जातो आणि माशीच्या पोटाला लागतो. नुसता आपला आपला पराग सहसा लागू पडत नाही, कुक्षी घासली जावी लागते. मधमाशी इथे हलकी पडते. हे काम काळ्या भुंग्याचे आणि पान कापणाऱ्या माशीचे. गुलाबाच्या पानाचे कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे नेते ती हीच. कीड समजून तिला मारू नका.

अमेरिकेत तर फक्त भोपळावर्गीय फुलांचाच पराग गोळा करणारी माशी आहे. तिचे नर मिटलेल्या फुलातच झोपतात! आपला भुंगा एवढा हट्टी नाही, तुरीवर, शेवग्यावरही जातो. अडते ते तागाचे.

या माशांना पोळे नाही, राणी नाही. भुंग्याची मादी एकटीच वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करते, परागाचा लाडू ठेवून वर एक अंडे घालते आणि भुशाचा पडदा लावते. अंडी मोजकीच. एक ओंडका जाळला की पिढी गेली.

आणि बांधावरचे वाळके ओंडके, जुने बांबू जाळा, असे दरवर्षी मेळाव्यात सांगणारा मीच. या सभासदाने ऐकले होते. शिवाय केसाळ अळीसाठी ऐन फुलोऱ्यात फवारणीही झालेली. शेजाऱ्याने माझे ऐकले नव्हते. त्याच्या पडक्या मांडवालगतचा ताग पुढे काढणीला आला तेव्हा शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या.

यंदा बियाणे प्लॉटच्या बांधावर एका बाजूने पेर बंद असलेल्या बांबूंच्या मोळ्या आडव्या बांधल्या आहेत. दोन बांबूंत भुंगे शिरले. पाहायचे असल्यास गट ऑफिसला सांगून या.