फिर्यादीत नाव कोणाचे?

वकिलाने पक्षकारापासून चार हात लांब राहावे, असे वकिलीत सांगतात. अमेरिकेतले कृष्णवर्णीय वकील फ्रेड ग्रे यांची कारकीर्द पाहिली की हा सल्ला अर्धाच खरा वाटतो. १९३० साली अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. कॉलेजला जाता-येता बसमधला कृष्णवर्णीयांचा पाणउतारा त्यांनी रोज पाहिला. राज्यातले लॉ कॉलेज त्यांना दार उघडत नव्हते, म्हणून ते क्लीव्हलंडला शिकले आणि १९५४ मध्ये वकील होऊन थेट गावी परतले. कायदा त्यांना क्लीव्हलंडने शिकवला. खटला कसा उभा करायचा, हे मात्र माँटगोमेरीच्या बसनेच शिकवले असावे.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. त्या ग्रे यांच्या ओळखीच्या. दुपारचा डबा बऱ्याचदा त्यांच्याच ऑफिसात खात. तरीही १ फेब्रुवारी १९५६ रोजी ग्रे यांनी फेडरल कोर्टात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध दावा लावला, तेव्हा फिर्यादींत पार्क्स नव्हत्या. त्यांचा फौजदारी खटला राज्याच्या कोर्टात चालू होता. दोन्हींची सरमिसळ झाली असती, तर विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले असते. जवळीक माणसाला आंधळे करते म्हणणाऱ्यांनी हा निर्णय पाहावा. ऑरेलिया ब्राउडर आणि पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कोल्विन फिर्यादींत होत्या. एका बाईने मात्र दबावाखाली माघार घेतली आणि संमतीशिवाय दावा लावल्याचा ठपका खुद्द ग्रे यांच्यावर आला. तो टिकला नाही, दावाही उभा राहिला, कारण त्यात एकच नाव नव्हते. माणसे कुठवर तग धरतील, याचा अंदाज गावात वावरल्याशिवाय येत नाही.

लढाई पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराने जिंकली, कोर्टाने नव्हे, असा एक आक्षेप आहे. बहिष्काराशिवाय एवढे बळ आले नसते, हे खरेच. पण ३८१ दिवस लोक चालत राहिले तरी नगरपालिका नमली नाही. बसचे नियम बदलले ते २० डिसेंबर १९५६ रोजी याच दाव्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश शहरात पोचल्यावर.

पुढे अलाबामातल्याच टस्कीगी शहराची चौकोनी हद्द कापून अठ्ठावीस बाजूंची केली आणि जवळपास सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर काढले, तो खटलाही ग्रे यांनीच लढवला. १९६० च्या निकालपत्राला त्या हद्दीचा नकाशाच जोडलेला आहे. त्याच परिसरात सरकारी डॉक्टरांनी सिफिलिसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे औषधाविना ठेवल्याचे १९७२ मध्ये उघड झाले. तेव्हा त्यांतले चार्ली पोलार्ड आपणहून ग्रे यांच्या ऑफिसात आले. १९७४ मध्ये सरकारने सुमारे १ कोटी डॉलर भरपाई देऊन ते प्रकरण मिटवले.