चमचाभर साखर, वाघ आणि मडकं

माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या कोळसा खाणीत रात्रपाळी करणारा कामगार असो, आयुध निर्माणीतला फोरमन असो की विजासनची लेणी बघायला आलेला पाहुणा, निरोगी माणसाचा उपाशीपोटीचा हिशेब इथून फारसा हलत नाही. ग्लुकोमीटरवर १०० आला की एक चमचा, ३०० आला की तीन. ते वरचे दोन चमचे वर्षानुवर्षं तसेच राहिले की डोळे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा सगळं खराब होत जातं. आपल्याकडच्या एका कप चहात कधी कधी याहून जास्त साखर असते. शरीर दिवसरात्र इतक्या बारीक मापाने हिशेब ठेवतं, हेच मुळात नवल आहे.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविडची दुसरी लाट आली आणि हा हिशेब घरोघरी बिघडला. भद्रावतीहून चंद्रपूर काही लांब नाही, नागपूरही एका दिवसात जाऊन येण्यासारखं. पण तेव्हा जिल्ह्याबाहेर पडायला ई-पास लागायचा आणि दवाखान्यात खाट मिळेल याची खात्री नसायची. रुग्णाच्या तोंडाला चव नाही, दोन दिवस पोटात पेजेशिवाय काही नाही, आणि साखर मात्र साडेतीनशे. घरच्यांना कोडं पडायचं: काही खाल्लंच नाही, तर ही आली कुठून?

ती आतून आली होती. यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर साठवलेली असते. ती संपली तरी यकृत थांबत नाही. स्नायूंतली प्रथिनं मोडून नवी साखर घडवतं. हे काम सुरू करण्याचा हुकूम देणाऱ्या ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या असतात, एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. त्यांच्यातून अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सुटलं की यकृत कोठार उघडतं, आणि इन्सुलिनचं म्हणणं पेशी नीट ऐकेनाशा होतात.

शरीराने असं उलटं का वागावं? याचं उत्तर भद्रावती तालुक्यात तरी पुस्तकात शोधायला नको. ताडोब्याचं मोहर्ली प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात शिरणाऱ्या माणसासमोर वाघ उभा राहिला, तर त्या क्षणी स्नायूंना आणि मेंदूला साखर लागते आणि ती लगेच लागते. जेवायला सवड नसते. लाखो वर्षांत घडलेली ही सोय आहे. वाघाचा प्रसंग काही मिनिटांत एकीकडे किंवा दुसरीकडे निकाली निघतो. विषाणूशी झुंज मात्र दोन-दोन, तीन-तीन आठवडे चालते. शरीराला हा फरक कळत नाही, ते साखर ओतत राहतं. ज्याचं इन्सुलिन शाबूत आहे तो ती पचवतो. मधुमेही माणसाच्या रक्तात ती साचत जाते.

त्यात भर पडली औषधाची. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष आला: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी करतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा काही फायदा दिसला नाही. डोस होता रोज सहा मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस. आता हे स्टेरॉइड म्हणजे काय? कॉर्टिसॉलचाच बलदंड भाऊ. शरीर एरवी दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, त्याच्या आठ-दहा पट जोर या सहा मिलिग्रॅमात असतो. म्हणजे वाघ समोर उभा आहे असं शरीराला दहा दिवस सांगत राहायचं. जीव वाचवायला ते गरजेचं होतं, यात वाद नाही. पण ऑक्सिजनची पातळी तासातासाला बघणारी घरं साखर बघत नव्हती. आणि कितीतरी जणांनी हे औषध गरज नसताना, कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर, घरबसल्या घेतलं. माझ्या मते दुसऱ्या लाटेतली ही सर्वांत महागात पडलेली चूक होती.

मग आली म्युकरमायकोसिस, जिला सगळ्यांनी काळी बुरशी म्हटलं. गंमत म्हणजे ती काळी नसतेच. नाकातलं, टाळूतलं काळं दिसतं ते मेलेलं मांस. बुरशी रक्तवाहिन्यांत घुसून रक्त अडवते आणि पुढचा भाग मरून काळा पडतो. एरवी ही बुरशी निरुपद्रवी शेजारी आहे. शिळ्या पावावर, सडलेल्या फळावर, ओल्या पालापाचोळ्यात ती असते, तिचे बीजाणू रोज आपल्या नाकात जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांना तिथेच संपवतात. तिला वाढायला लोह लागतं, आणि शरीर आपलं लोह मोकळं ठेवतच नाही. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते घट्ट धरून असतं. पण साखर बेसुमार वाढली आणि इन्सुलिन पुरलं नाही की पेशी चरबी जाळू लागतात, त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात, रक्त आंबट होतं. त्या आंबटपणात ट्रान्सफेरिनची पकड सुटते. लोह मोकळं, साखर मुबलक, आणि स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी सुस्तावलेल्या. पावावरच्या बुरशीला याहून चांगलं शेत कुठे मिळणार?

२० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना सांगितलं, हा रोग साथरोग कायद्याखाली घ्या, प्रत्येक रुग्ण कळवा. कायदा तोच, १८९७ चा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच होऊन पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली होती. शतक उलटून गेल्यावर तो कायदा एका बुरशीसाठी बाहेर काढावा लागला.

औषधाची गोष्ट आणखी मजेची. अँफोटेरिसिन बी हे यावरचं मुख्य औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं. मातीतल्या बुरशीवर उतारा मातीतूनच. मे २०२१ मध्ये देशभर त्याचा तुटवडा पडला, तेव्हा ते बनवायला पुढे आली वर्ध्याची जेनेटिक लाइफसायन्सेस. म्हणजे आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातली कंपनी.

संकट काही साथीचंच येतं असं नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जाणं इथे कुणाला नवं वाटत नाही. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीचं पाणी भद्रावती तालुक्यातल्या गावांत शिरलं. उन्हाळा असो की पूर, पहिली जाते ती वीज, आणि फ्रिज बंद पडला की प्रश्न येतो इन्सुलिनचा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, उघडलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांखाली चारेक आठवडे चालतात, हा नियम. पण मेच्या दुपारी घरात ३० अंश आणायचे कुठून?

इथे आपलं मडकं कामाला येतं, आणि त्यामागचं विज्ञान भारी आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास ५८० कॅलरी उष्णता लागते, ती ओलं मडकं स्वतःतून आणि आतल्या वस्तूंतून खेचून घेतं. हवा ४३ अंश असेल आणि दमटपणा २० टक्के, तर ओला पृष्ठभाग २५ अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकतो. विदर्भाचा उन्हाळा कोरडा, म्हणून मडकं नेमकं तेव्हाच सर्वांत जोरात चालतं. पावसाळ्यात हवा दमट असते, मडकं आळसावतं, पण तेव्हा मुळात पाराच खाली आलेला असतो. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मध्ये ओली वाळू भरायची, आणि इन्सुलिन कोरड्या बंद डबीत घालून आत ठेवायचं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. बाटली पाण्यात बुडवायची नाही.

आणि इन्सुलिन आपल्याला वाटतं तेवढं नाजूकही नाही. केनियातल्या दगाहाले निर्वासित छावणीत रात्री २५ आणि दिवसा ३७ अंश असा चढउतार असतो. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने तसाच चढउतार प्रयोगशाळेत तयार करून त्यात इन्सुलिन चार आठवडे ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: औषधाचा जोर एक टक्क्यापेक्षा जास्त घटला नाही. उन्हापेक्षा त्याला बर्फाची भीती जास्त. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकूनच द्यायचं. वीज आली म्हणून घाईने बाटली बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवणारी घरं पुष्कळ आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

राहता राहिला आजारपणातल्या औषधांचा प्रश्न. आजारात जेवण गेलं नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नसतं. साखर आतून येतेच आहे, हे आपण वर पाहिलंच. उलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी साखर धोक्याच्या खाली पाडू शकते. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांवर तर अंगातलं पाणी कमी झालं की मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि रक्त मात्र आंबट होत असतं. उलट्या-जुलाब चालू असतील तर मेटफॉर्मिनबद्दलही विचारावं लागतं. प्रत्येक गोळीचा स्वभाव वेगळा, म्हणून एकच नियम सगळ्यांना सांगता येत नाही. तेव्हा घरात कुणाला मधुमेह असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडून कागदावर एवढं लिहून घ्या: ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही तर कुठली गोळी थांबवायची, कुठली चालू ठेवायची, इन्सुलिन किती घ्यायचं, साखर दर किती तासांनी बघायची आणि कोणत्या आकड्याला दवाखाना गाठायचा. तो कागद ग्लुकोमीटरच्या डबीतच ठेवा.