शुगरच्या पट्ट्या आणि विम्याची हद्द

भारतातली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च भरते. किमान 24 तास दाखल असणे ही तिची मूळ अट, डे-केअर उपचार हा अपवाद. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, लान्सेट, घरी टोचायचे इन्सुलिन, डॉक्टरांची फी हा सगळा ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता केलेल्या उपचारांचा, खर्च, आणि तो या अटीबाहेर पडतो. त्यामुळे ‘कंपनी महिन्याला किती पट्ट्या मंजूर करते?’ हा प्रश्न इथल्या बहुतेक पॉलिसींना लागूच होत नाही. तो अमेरिकेतला प्रश्न आहे. तिथल्या मेडिकेअर योजनेत इन्सुलिन घेणाऱ्याला दर 3 महिन्यांना 300 आणि न घेणाऱ्याला 100 पट्ट्यांची मर्यादा असते, जास्त हव्या असतील तर डॉक्टरांना कारण नोंदवावे लागते. मुलगा-सून तिकडे असलेल्या घरांत ही माहिती सहज पोचते आणि इथल्या पॉलिसीकडूनही तशीच अपेक्षा धरली जाते.

दुसरा गैरसमज वेटिंग पिरियडचा. मधुमेह आधीपासून असेल तर त्याच्याशी संबंधित उपचारांसाठी थांबावे लागते. 1 एप्रिल 2024 पासून ही मुदत 48 वरून जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आली. ही मुदत सरली की पट्ट्याही मिळू लागतील, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मुदत संपल्यावर मधुमेहामुळे दाखल व्हावे लागले तर तो खर्च मिळतो. ओपीडी जिथे होती तिथेच राहते. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत पुष्कळदा वेटिंग पिरियड माफ असतो, पण म्हणून तिच्यात ओपीडी असतेच असे नाही. पट्ट्यांचे पैसे हवे असतील तर ओपीडी कव्हर वेगळे घ्यावे लागते किंवा मधुमेहींसाठीची खास पॉलिसी पाहावी लागते. तिथेही वर्षाची रक्कम ठरलेली असते, आणि वाढीव हप्ता त्या रकमेच्या जवळ जात असेल तर सौदा फायद्याचा नाही. हे गणित हप्ता भरण्याआधी करायचे.

शुगर लपवून पॉलिसी काढण्याचा सल्ला देणारेही भेटतात. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हे खरे. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उरत नाही, आणि आधीच्या 5 वर्षांत तर कंपनीचा हात मोकळाच असतो.

रुग्णालयाच्या बिलातल्या पट्ट्यांची गोष्ट मात्र उलटी आहे. ‘ग्लुकोमीटर आणि पट्ट्या’ ही बाब विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, चौथ्या यादीत आहे. अल्कोहोल स्वॅब, युरीन बॅग अशा वस्तूही त्याच यादीत येतात. या वस्तूंची किंमत उपचाराच्या खर्चातच धरायची, स्वतंत्र आकारायची नाही, असा तिचा अर्थ. म्हणून कंपनीने कापलेली पट्ट्यांची रक्कम डिस्चार्जच्या वेळी मुकाट्याने भरण्याआधी बिलिंग काउंटरवर ही यादी दाखवून विचारणा करावी. घरी गेल्यानंतरचा खर्च निराळा. आरोग्य संजीवनी पॉलिसीत दाखल होण्याआधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस धरले जातात, पण खर्च त्याच आजाराशी जोडलेला असावा लागतो. पट्ट्या त्यात बसतील की नाही हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचे पक्के बिल नसेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

सरकारी योजनांबद्दलचा घोळ याहून मोठा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण तेही ठरलेल्या उपचारांसाठी, दाखल झाल्यावर. आयुष्मान कार्ड दाखवून मेडिकलमधून पट्ट्या मिळत नाहीत. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या पात्र कामगाराला ईएसआयसीमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून, मात्र दवाखान्यातली बाह्यरुग्ण सेवा आणि औषधे मिळतात. ओपीडीच्या दृष्टीने ते कित्येक खाजगी पॉलिसींपेक्षा सरस ठरते. मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड किंवा मंडाळ्यात राहणाऱ्यासाठी यापेक्षाही जवळची सोय म्हणजे महापालिकेचे दवाखाने आणि 2022 च्या अखेरीस सुरू झालेला ‘आपला दवाखाना’. तिथे 147 प्रकारच्या रक्तचाचण्या मोफत देण्याची तरतूद आहे. पुढचे उपचार लागले तर गोवंडीचे शताब्दी रुग्णालय. यातून घरच्या पट्टीची गरज पूर्ण भागत नाही, पण पट्टीवरचा बराच भार उतरतो.

क्लेम नाकारला म्हणजे सगळे संपले, हाही गैरसमजच. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जायचे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. शुल्क नाही, वकील लागत नाही, भरपाईची मर्यादा 50 लाख रुपये. मानखुर्दकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मुंबईच्या लोकपालांचे कार्यालय सांताक्रूझला असले तरी एम-पूर्व, एम-पश्चिम, एन, एस आणि टी हे वॉर्ड ठाण्याच्या लोकपालांकडे येतात, आणि मानखुर्द एम-पूर्वमध्ये आहे. अर्थात पॉलिसीत नसलेला ओपीडीचा खर्च लोकपालही देववू शकत नाहीत. चौथ्या यादीची रक्कम चुकीने कापली असेल किंवा वेटिंग पिरियड चुकीचा मोजला असेल तर तिथे जाण्यात अर्थ आहे.

उरतो तो स्वतःच्या खिशातला खर्च. जास्त तपासले की शुगर जास्त ताब्यात राहते, असे सरसकट नाही. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणाआधी आणि झोपताना तपासावे लागते. तिथे काटकसर धोक्याची. केवळ मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवर स्थिर असलेल्या टाइप 2 च्या रुग्णाला रोज टोचून घेण्याची सहसा गरज नसते. 3 ते 6 महिन्यांनी एचबीए1सी ही सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी पुरते. गोळी बदलली, ताप आला, गर्भारपण असेल किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शुगर फार खाली नेणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गणित बदलते आणि ते डॉक्टरांनीच मांडायचे.

स्वस्त मीटर म्हणजे स्वस्त सोय, हेही खरे नाही. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या मीटरमध्ये चालत नाही, म्हणून मीटर घेताना आधी पट्टीचा भाव विचारावा. पट्टी उभी चिरून दोनदा वापरण्याची युक्ती रंग पाहून वाचायच्या जुन्या पट्ट्यांच्या काळातली; आजच्या पट्टीत इलेक्ट्रोड असतात, ती कापली की गेली. डबीचे झाकण उघडे ठेवले तर पावसाळ्यातली दमट हवा पट्ट्या मुदतीआधीच बिघडवते, आणि मग आलेला आकडा फसवा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या डबीवर जुनी छापील किंमत दिसली तरी नव्या दराने आकारणी झाली का, हे बिलावर पाहावे. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला जुन्या करप्रणालीत वैद्यकीय खर्चाची वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी पैसे रोख न देता कार्डने, चेकने किंवा यूपीआयने दिलेले असावे लागतात.