खुर्ची, तीन मीटर आणि स्टॉपवॉच

गुडघ्याच्या एक्स-रेवरून झिजेला शून्य ते चार अशी श्रेणी देण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची 1957 सालची पद्धत आजही चालते. पण चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोज बाजारहाट करणारी माणसं असतात आणि दुसऱ्या श्रेणीत जिन्याचा धसका घेतलेलीही. माणूस पायांवर कितपत भक्कम आहे हे कळायला त्याला उठवून चालवावंच लागतं.

त्यासाठी अनेक फिजिओथेरपिस्ट ‘टाइम्ड अप अँड गो’ ही चाचणी घेतात. हात असलेली खुर्ची, समोर तीन मीटरवर जमिनीला चिकटपट्टी. ‘चला’ म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. पायात रोजच्या वापरातलं पादत्राण आणि लागत असेल तर हातात काठी. वयस्कर माणसाला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून पुढची तपासणी करतात.

खरी माहिती मात्र त्या सेकंदांच्या आत दडलेली असते. उठताना दुखरा पाय पुढे सरकवून सगळा भार दुसऱ्यावर टाकला का? वळताना दोन-तीन पावलांत वळले, की जागच्या जागी छोटी छोटी पावलं टाकत? आणि बसताना? सावकाश टेकायचं तर मांडीच्या पुढच्या स्नायूला लांबत लांबत भार सोसावा लागतो. दुखऱ्या, सुजलेल्या सांध्यामुळे हा स्नायू पूर्ण जोराने आवळलाच जात नाही, त्यात वापर कमी झाल्याने तो आणखी रोडावतो. मग माणूस शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन बसतो. चाचणी घेणाऱ्याने ती धप्प ऐकलीच पाहिजे.

या स्नायूची ताकद 30 सेकंदांच्या ऊठबशीतून जास्त स्पष्ट दिसते. सुमारे 43 सेंमी उंचीची खुर्ची, हात छातीवर घडी घातलेले. पूर्ण उभं राहणं किती वेळा जमलं ते मोजायचं. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर नोंद शून्य. संधिवाताच्या संशोधकांच्या ‘ओआर्सी’ (OARSI) या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2013 मध्ये सुचवलेल्या चाचण्यांत ही होती, सोबत 40 मीटर झपाझप चालणं आणि जिना चढ-उतारही.

तोलासाठी एका पायावर उभं करतात, आधी बऱ्या आणि मग दुखऱ्या. शेजारी धरायला माणूस हवाच. घरी एकट्याने हे करून बघू नये. झिजलेल्या गुडघ्यात सांधा नेमका कुठे आहे याची जाणीव मंदावते, त्यामुळे तोल सांभाळायचं काम डोळ्यांवर जास्त पडतं. रात्री अंधारात बाथरूमला जाताना पाय का अडखळतो, त्याचं एक कारण हे.

आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. या सगळ्या चाचण्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या. त्यांत छान पास झालेल्या आजी पंगतीतून उठताना दोघांचे हात धरतात. म्हणून मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवरून उठणं जमतं का, हे विचारावं आणि झेपत असेल तर करून बघावं. अशा रुग्णांच्या त्रासाची नोंद करणारी प्रचलित ‘वोमॅक’ प्रश्नावली भारतीय राहणीला जुळवून घेण्याचं काम पुण्यातच झालं आहे.

काही आठवड्यांच्या व्यायामानंतर हेच सगळं पुन्हा करायचं, तेव्हा खुर्ची तीच, चप्पल तीच आणि वेळही शक्यतो तीच ठेवावी. वेदनाशामक गोळी कधी घेतली तेही लिहावं. सकाळी आखडलेला गुडघा आणि गोळी घेतल्यानंतरचा दुपारचा गुडघा यांतला फरक व्यायामाच्या खात्यावर जमा होता कामा नये.