कॉफी, कॅफीन आणि पार्किन्सन्स

वनस्पतींतले घटक पार्किन्सन्सपासून वाचवतात, असे दावे सतत फिरतात. त्यांत बऱ्यापैकी भक्कम पुरावा कॅफीनचा आहे. होनोलुलूतल्या ८,००४ जपानी-अमेरिकी पुरुषांचा सुमारे तीस वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात कॉफी न पिणाऱ्यांमध्ये या आजाराचं प्रमाण सर्वाधिक पिणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळलं. यामागची यंत्रणाही पटण्यासारखी आहे: कॅफीन मेंदूतले अ‍ॅडेनोसिनचे ए-२ए ग्राहक अडवतं आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यामुळे डोपामिनचा, म्हणजे ज्याच्या कमतरतेने या आजारात हालचाली बिघडतात त्या मेंदूतल्या रसायनाचा, ऱ्हास कमी झाला.

यावर आक्षेप असा, की आजाराची सुप्त सुरुवातच कॉफीची आवड घालवत असेल. शंका रास्त आहे. पण इतक्या दीर्घ निरीक्षणाचा उलगडा तेवढ्यानं होणं कठीण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: २०१७ च्या चाचणीत रुग्णांना कॅफीन देऊनही हालचालींत सुधारणा दिसली नाही. मात्र निदान होईपर्यंत डोपामिन बनवणाऱ्या बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. त्यामुळे ही चाचणी उपचाराचा दावा खोडते, प्रतिबंधाचा प्रश्न मिटवत नाही. म्हणून कॉफी आवडत असेल तर खुशाल प्या, पण औषध म्हणून नको. आणि पार्किन्सन्ससाठी लेव्होडोपा हे औषध सुरू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.