रीतिभूतकाळ व साधा भूतकाळ

गतकाळातील क्रियेचा निर्देश करणारी मराठीतील दोन भिन्न क्रियारूपे. ‘तो झरीहून परभणीला गेला’ या वाक्यात एकदा घडून संपलेली क्रिया सांगितली आहे. ‘तो झरीहून परभणीला जाई’ यात तीच क्रिया नेहमीचा परिपाठ म्हणून येते. मराठी व्याकरणपरंपरेत प्रत्ययांवरून पहिल्या रूपास लाख्यात, तर दुसऱ्यास ई-आख्यात म्हणतात.

दोहोंचे मूळ वेगळे आहे. लाख्यात संस्कृतातील ‘गत’, ‘कृत’ यांसारख्या धातुसाधितांना प्राकृतात ‘इल्ल’ प्रत्यय जोडला जाऊन सिद्ध झाले. म्हणून सकर्मक धातूंत ते सामान्यतः कर्मानुसारी असते : ‘त्याने भाकरी खाल्ली’. ई-आख्यात मात्र जुन्या वर्तमानकाळापासून आलेले असल्याने कर्त्यानुसार चालते : ‘तो भाकरी खाई’. यादवकालीन मराठीत ते वर्तमानार्थी होते. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत तो अर्थ टिकून आहे. आज हे रूप मुख्यतः लेखनात आढळते. बोलण्यात ‘जायचा’, तर लेखनात ‘जात असे’ ही रूपेही त्याचे कार्य करतात.

कोणते रूप योजावे, हे कालावधीवर अवलंबून नसते. ‘तो झरीत वीस वर्षे राहिला’ येथे मुदत दीर्घ असूनही ती एकसंध व संपलेली मानल्याने साधा भूतकाळ येतो. क्रिया पूर्ण झालेली घटना म्हणून पाहिली, की वहिवाट म्हणून, यावर निवड ठरते. ‘त्याने हे शेत कसले’ एवढ्याने वहिवाट सिद्ध होत नाही. ‘तो हे शेत कसत असे’ या विधानात मात्र ती गृहीत आहे. त्यामुळे साक्ष, चरित्र व इतिहास यांच्या लेखनात एका रूपाच्या जागी दुसरे आल्यास वस्तुस्थितीच बदलते.

स्पॅनिश भाषेत असाच भेद आहे. परंतु त्याच्या सीमा निराळ्या आहेत. ‘एस्क्रिबियो’ म्हणजे ‘त्याने लिहिले’. ‘एस्क्रिबीआ’ म्हणजे मात्र संदर्भानुसार ‘तो लिहीत होता’ किंवा ‘तो लिहीत असे’. अपूर्णता व रीती हे मराठीने वेगळे ठेवलेले दोन अर्थ तेथे एकाच रूपात सामावतात. उलट ‘साबीआ’ (त्याला ठाऊक होते) व ‘सूपो’ (त्याला कळले) ही एकाच धातूची रूपे असून, तेथे काळाने दाखविलेला भेद मराठी निराळी क्रियापदे योजून दाखविते. म्हणून अनुवादकाने रूपास रूप न योजता मूळ वाक्यातील दृष्टी ओळखणे आवश्यक ठरते.