बापाने मुलासाठी भांड्यावर इशारा कोरला, तरी २० वर्षांत राज्य बुडालं! काय आहे चीनच्या झोंगशानची गोष्ट?

साल १९७४. चीनच्या हेबेई प्रांतातल्या पिंगशान भागात गावकरी शेतीच्या कामासाठी माती खणत होते. खणता खणता जुने अवशेष लागले आणि पुढची काही वर्षं तिथं उत्खनन चाललं. सापडली ती त्सुओ नावाच्या राजाची कबर. चोरांनी तिचा मधला भाग कधीच लुटला होता, पण बाजूच्या कोठाराला त्यांचा हात लागला नव्हता.

त्या कोठारात साधारण ६० किलोचं एक भांडं होतं. अंग कांस्याचं, तीन पाय लोखंडाचे आणि अंगावर कोरलेली तब्बल ४६९ अक्षरं. हा राजाने वारसासाठी कोरून ठेवलेला निरोप होता. त्याचा सारांश असा: मोठा झालास म्हणून माजू नकोस, पैसा आला म्हणून चढू नकोस, शेजाऱ्यांवर विसंबू नकोस, वैरी बाजूलाच बसलाय.

आता हा राजा कुठला? तर झोंगशानचा. चीनमध्ये तेव्हा सात बलाढ्य राज्यं एकमेकांच्या जिवावर उठली होती आणि त्यांच्या बेचक्यात हे चिमुकलं राज्य होतं. ते वसवणारे लोक उत्तरेकडच्या ‘दी’ टोळ्यांपैकी, म्हणजे बाकीच्या चिनी राज्यांच्या लेखी रानटीच. इ.स.पू. ४०६ मध्ये वेई राज्याने झोंगशान गिळलंही होतं. पण काही दशकांत या लोकांनी ते परत उभं केलं.

इ.स.पू. ३२३ मध्ये, म्हणजे तिकडे बाबिलोनमध्ये सिकंदर मेला त्याच वर्षी, झोंगशानच्या राज्यकर्त्याने चार मोठ्या राज्यांच्या जोडीने स्वतःला ‘राजा’ म्हणवून घेतलं. बलाढ्य ची राज्याला हे झोंबलं. आमच्याकडे दहा हजार रथ, यांच्याकडे जेमतेम हजार, आणि हे आमच्या बरोबरीला बसणार? असा त्यांचा सूर होता. पण झोंगशानने पदवी सोडली नाही.

पुढे शेजारच्या येन राज्यात घोळ झाला. तिथल्या राजाने गादी चक्क आपल्या मंत्र्याला देऊन टाकली आणि यादवी पेटली. ची राज्याचं सैन्य येनमध्ये घुसलं, तसं झोंगशाननेही हात धुऊन घेतले. डझनांनी शहरं घेतल्याचं ते भांडंच सांगतं. त्याच कबरीतली एक चौकोनी सुरई तर येनच्या धातूतून ओतलेली, तसं तिच्यावर लिहिलंय. म्हणजे ‘शेजाऱ्यांपासून सावध राहा’ सांगणाऱ्या राजानेच एक शेजारी कायमचा दुखावून ठेवला होता.

खरा वैरी मात्र झाओ. नकाशा पाहिला की कारण लगेच कळतं. झाओची राजधानी हानदान दक्षिणेला, दाई हा प्रांत उत्तरेला आणि मधोमध झोंगशान. स्वतःच्याच राज्यात ये-जा करताना हा काटा टोचायचा. त्यात झोंगशानने चीच्या जोरावर पूर्वी झाओच्या एका शहराभोवती पाणी सोडलं होतं. तो अपमान झाओचा राजा वुलिंग विसरला नव्हता.

इ.स.पू. ३०७ मध्ये वुलिंगने वेगळंच काहीतरी काढलं. लांब झगे बंद, सैनिकांनी भटक्या टोळ्यांसारखे आखूड अंगरखे आणि विजारी घालायच्या, घोड्यावर बसून बाण मारायचे! दरबारी खवळले, पण तो हटला नाही. मग झोंगशानवर हल्ल्यामागून हल्ले सुरू झाले. इ.स.पू. ३०५ मध्ये झोंगशानने चार शहरं देऊन तह केला, पण तो फार टिकला नाही.

एक किस्सा असाही सांगतात की वुलिंगने आधी हेर पाठवला होता. तो म्हणाला, तिथला राजा गल्लीबोळातल्या पंडितांना स्वतः जाऊन भेटतो, मग सैनिक कशाला लढतील? खुशाल हल्ला करा. हा किस्सा हान फेइच्या ग्रंथात येतो आणि हान फेइला पंडितांचं वावडंच होतं. त्यामुळे तो जरा जपूनच घ्यावा. सरळ कारण इतकंच की मदतीला कुणी आलं नाही. ची तेव्हा चिन राज्याशी लढण्यात गुंतलं होतं आणि येनकडून तर अपेक्षाच नव्हती.

इ.स.पू. २९६ मध्ये झोंगशान संपलं. शेवटच्या राजाला झाओने पश्चिमेकडे नेऊन ठेवलं. वुलिंगलाही विजय लाभला नाही. मुलांच्या भांडणात तो वर्षभरातच आपल्याच लोकांच्या वेढ्यात उपाशी मेला.

त्सुओच्या कबरीत एक कांस्याचा पत्राही मिळाला. त्यावर सोन्याचांदीने या दफनभूमीचा आराखडा काढलाय. चीनमध्ये सापडलेल्या सर्वांत जुन्या बांधकाम नकाशांपैकी हा एक. त्यावर आज्ञा आहे: एक प्रत कबरीत, एक खजिन्यात ठेवा, आणि जो हुकूम मोडेल त्याला माफी नाही. राजा, त्याच्या राण्या आणि घरातल्या इतर स्त्रियांसाठी मिळून पाच वास्तू आखल्या होत्या. बांधून झाल्या फक्त दोन.